आंजर्ल्याच्या विहिरी गोड राहाव्यात म्हणून

आंजर्लेकरांनो, जुलैत विहिरीत वाकून पाहिलं की हात बुडेल इतकं वर पाणी दिसतं. त्या पाण्यावर भुलू नका. विहीर खरी कशी आहे ते एप्रिलअखेर कळतं.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. तरी मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांवर टँकर जातो. जांभा दगड सच्छिद्र. तो पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतो. कड्यावर पडलेला पाऊस पऱ्यांनी आणि झऱ्यांनी उतरत काही महिन्यांत समुद्राला मिळतो. मागे उरतं ते वाळूत आणि जांभ्याच्या फटींत थांबलेलं पाणी. त्यावर माणसं, गुरं, माड, पोफळी आणि हल्ली पाहुणे, सगळ्यांनी जूनपर्यंत काढायचं असतं.

त्यात आपल्या गावाला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला जोग नदीची खाडी. गोडं पाणी हलकं, खारं जड. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आमटीवर तवंग असतो तसं. तवंग हवा असेल तर पळी वरच्यावर फिरवावी लागते. खोल घातली की आमटीच येते.

याचा एक हिशोब आहे. हॉलंड आणि जर्मनीतल्या अभियंत्यांनी तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी 1 फूट वर उभं असेल, तर त्याच पातळीच्या खाली सुमारे 40 फूट गोडं पाणी असतं. उपशानं वरचं पाणी कायमचं 1 फूट उतरलं, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 फूट वर येऊ शकतं. प्रत्येक विहिरीत हा आकडा अगदी तसाच उतरेल असं नाही. जमीन वेगळी असते, फटी वेगळ्या असतात. पण नुकसान किती पटीनं होतं ते त्यावरून समजावं.

हे आपल्यालाच होतंय असं नाही. ॲमस्टरडॅम शहर 1853 पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतलं गोडं पाणी पीत आलं. उपसा वाढत गेला आणि खालून खारं पाणी चढू लागलं. शेवटी 1957 पासून त्यांना ऱ्हाईन नदीचं पाणी आणून त्या वाळूत मुरवावं लागलं. ते श्रीमंत शहर, त्यांना जमलं. जवळचं उदाहरण सौराष्ट्राचं. तिथे किनाऱ्यालगतच्या बागायतीत इंजिनं बसली, भरमसाट उपसा झाला आणि गावंच्या गावं मचूळ पाण्यावर आली. सरकार तिथे पुढे कित्येक वर्षं बंधारे घालत बसलं.

तेव्हा पहिलं काम मोटारीचं.

रहाट होता तेव्हा विहिरीला आपोआप विसावा मिळायचा. बैल दमायचा, गडी दमायचा, तेवढ्यात झरे विहीर भरून काढायचे. मोटार दमत नाही. बटण दाबलं की ती तळ दिसेपर्यंत ओढत राहते. म्हणून तिचा विसावा तुम्ही ठरवायचा.

टाकी एका दमात भरू नका. पहाटे वीस-पंचवीस मिनिटं मोटार चालवा, दुपारी तेवढीच, संध्याकाळी तेवढीच. दिवसाचं पाणी तेवढंच मिळेल, पण विहिरीची पातळी एकदम खाली जाणार नाही. पातळी एकदम खाली गेली की बरोबर त्याच जागी खारं पाणी खालून फुगून वर येतं. एकदा ते झऱ्यात शिरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सहसा मागे हटत नाही.

मोटार लहान घ्या. घरच्या वापराला अर्धा-एक एचपी पुरते. दुकानदार म्हणेल, थोडे पैसे घाला, मोठी घेऊन जा. मोठ्या मोटारीनं विहिरीत पाणी वाढत नाही.

फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका. तळापासून तीन-चार फूट वर राहू द्या. उन्हाळ्यात तो उघडा पडला आणि मोटार हवा ओढू लागली, तर पाइप वाढवू नका. त्या दिवसाचा उपसा तिथेच थांबवा. रात्री मोटार चालू ठेवून झोपायची सवय असेल तर ती आजच मोडा. टाकी भरून वाहिली की पाणीही गेलं आणि वीजही.

एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की विहीर खोल करावीशी वाटते. किनाऱ्याच्या पट्ट्यात हा मोह टाळाच. गाळ काढा. झऱ्यांची तोंडं मोकळी करा. ढासळलेले चिरे पुन्हा बसवा. जागा असेल तर विहीर रुंद करा. खोली मात्र आहे तेवढीच असू द्या.

बोअरचंही तेच. समुद्राजवळ खोल बोअर मारला आणि खाऱ्या पाण्याची फट लागली, तर नुसते पैसे जात नाहीत. तो बोअर म्हणजे खालचं खारं पाणी वर आणणारी नळी होते आणि शेजारच्या चार विहिरींना त्याचा त्रास होतो. खारा निघालेला बोअर उघडा टाकू नका. जाणकार माणसाकडून तो तळापासून वरपर्यंत बुजवून घ्या. गावात असे सोडून दिलेले बोअर कुठे आहेत, ते वडीलधाऱ्यांना विचारून एकदा लिहून काढलं पाहिजे.

खारं पाणी येऊ लागलंय हे ओळखायचं कसं? जिभेला ते उशिरा कळतं, कारण रोज तेच पाणी पिणाऱ्या घराला त्याची सवय होते. मुंबईहून आलेला भाचा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो आणि आपण त्याला नावं ठेवतो. त्याचं ऐका.

त्याहून आधी वाडी सांगते. माड खारेपणा पुष्कळ सोसतो. पोफळीला तो सोसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोफळीच्या पानांची टोकं तपकिरी होऊन करपायला लागली, तर लगेच खत कमी पडलं असं समजू नका. आधी शिंपण्याचं पाणी तपासा. घरात डाळ शिजायला वेळ लागू लागला, साबणाला फेस धरेना, तरी मनात शंका येऊ द्या.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं लहानसं मीटर काही शे रुपयांत मिळतं. प्रत्येक घरानं घ्यायची गरज नाही. वाडीत एक पुरे. आकडा 500 च्या आत असेल तर पाणी प्यायला चांगलं. दुसरं पाणीच नसेल तेव्हा भारतीय मानक 2000 पर्यंत सूट देतं, त्यापुढे नाही. पण नुसत्या आकड्यापेक्षा तो चढतोय का, हे पाहा. जानेवारीत 300, फेब्रुवारीत 450, मार्चमध्ये 700 असा तो वाढू लागला, तर उपसा कमी करायची वेळ आली. मे महिन्याची वाट पाहत बसू नका. एक ध्यानात असू द्या, हे मीटर क्षार सांगतं. जंतू सांगत नाही.

आरओचं यंत्र बसवून सुटका होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याची मोरीत सोडलेली नळी एकदा बादलीत धरून पाहावी. घरचं यंत्र जेवढं पाणी प्यायला देतं, त्याहून बहुधा जास्तच फेकून देतं. टंचाईच्या महिन्यात तो सौदा महाग पडतो.

आता वाडीकडे येऊ. घरात पाणी किती जातं यावर आपण भांडतो, पण बहुतेक घरांचं सर्वांत जास्त पाणी शिंपण्याला जातं. पाटानं पाणी सोडलं की वाळूत ते आळ्यापर्यंत पोचण्याआधीच निम्मं मुरतं. ज्यांना जमेल त्यांनी ठिबक बसवावं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ जवळच आहे. माड-पोफळीला कोणत्या महिन्यात किती पाणी द्यायचं, ते तिथे जाऊन विचारा. संकोच करू नका, ते विद्यापीठ आपल्यासाठीच आहे.

ठिबक परवडत नसेल तर आळ्यांत नारळाची सोडणं उलटी रचा. वर झावळ्या आणि पालापाचोळा पसरा. सोडण पाणी धरून ठेवतं आणि दोन शिंपण्यांत एखादा दिवस वाढवून देतं. आपल्याकडे हा माल फुकटचा आहे, आणि आपण तो जाळतो. शिंपणं उन्हात नको, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ज्यांच्या वाड्या उघड्या पडल्या, त्यांनी तर आच्छादन कराच. सावली गेलेली जमीन दुप्पट वेगानं वाळते असं वाडीत काम करणारा कुणीही सांगेल. नवी झाडं मोठी होईपर्यंत केळी लावून आडोसा करा.

पाहुण्यांविषयी थोडं स्पष्ट बोलतो. गणपतीला येणारा चाकरमानी पाण्याच्या सुगीत येतो. त्यानं दोनदा अंघोळ केली तरी काही बिघडत नाही. पण आपला पर्यटनाचा हंगाम दिवाळीनंतरचा, कासवांची पिल्लं पाहायला येणाऱ्यांचा आणि मे महिन्याच्या सुट्टीचा. म्हणजे विहीर उतरत जाते तशी गर्दी चढत जाते. सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहणारा पाहुणा तेवढं एका अंघोळीत संपवतो.

पाहुणे नकोत असं मी म्हणत नाही. त्यावर पुष्कळ घरांची चूल पेटते. पण खोली देताना नियमही सांगा. न्हाणीघरात बादली आणि तांब्या ठेवा. समुद्रावरून आलेल्यांचे पाय धुवायला अंगणात एकच नळ ठेवा, आणि ते पाणी केळीच्या आळ्यात जाऊ द्या. चादरी रोज बदलू नका. पोहण्याचा तलाव बांधायचा विचार असेल तर तो सोडून द्या. समुद्र समोर आहे. पाहुण्याला नीट सांगितलं तर तो ऐकतो, उलट त्याला बरं वाटतं. नवी खोली बांधताना मात्र गवंड्याला विचारण्याआधी एक हिशोब करा. मागच्या मे महिन्यात आपल्या विहिरीनं रोज किती पाणी दिलं? तेवढ्यात ही खोली बसते का?

प्रत्येक खोलीमागे संडासही आला. इथे जरा जास्त सावध राहा. वाळूतून घाण लवकर आणि दूरवर जाते. शोषखड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब हवा. शिवाय तो विहिरीच्या वरच्या अंगाला नको. पाणी ज्या बाजूनं विहिरीकडे येतं, ती बाजू स्वच्छ ठेवायची. शेजाऱ्याची विहीर हीही आपलीच विहीर धरा. आपल्या कुंपणापासून ती किती लांब आहे, ते खड्डा खणण्याआधी टेप लावून मोजा. खणल्यावर भांडण होतं, आणि भाऊबंदकीतलं पाण्याचं भांडण तीन पिढ्या पुरतं.

विहिरीत जंतू मारायला टीसीएल पावडर टाकायची तीही अंदाजानं टाकू नका. साधी रीत अशी. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या. त्याला त्यानंच गुणा. मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि शेवटी 22 नं गुणा. तेवढे लिटर पाणी विहिरीत आहे. व्यास 10 फूट आणि पाणी 8 फूट असेल तर 17,600 लिटर झाले. हजार लिटरला 5 ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे इथे सुमारे 90 ग्रॅम. ती आधी बादलीत कालवा. चुना खाली बसू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि पोहऱ्यानं पाणी हलवा. निदान अर्धा तास थांबा. नंतर क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं पाहिजे. पावडरीचा डबा घट्ट बंद आणि कोरड्या जागी ठेवा. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर नुसता चुना उरते. अडलं तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा.

पावसाचं पाणी मुरवा असं सगळे सांगतात. मीही सांगतो, पण थोडं वेगळं. हजार चौरस फुटांच्या छपरावर आपल्याकडच्या पावसात पावणेतीन लाख लिटरांच्या आसपास पाणी पडतं. मात्र जुलैत खाली जमीन आधीच तुडुंब असते. तेव्हा मुरवलेलं पाणी राहणार कुठे? उपयोग दोन वेळी होतो. जूनच्या सुरुवातीला विहिरी रिकाम्या असतात तेव्हा, आणि परतीचा पाऊस पडतो तेव्हा. पहिल्या दोन-तीन सरींचं छपराचं पाणी वाहून जाऊ द्या, त्यात पालापाचोळा आणि पाखरांची घाण असते. नंतरचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यात सोडा. थेट विहिरीत सोडू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं पाणी टाकीत धरता आलं तर आणखी चांगलं. धुण्याभांड्याला ते दिवाळीपर्यंत चालतं आणि तेवढे दिवस विहिरीचा उपसा वाचतो.

खरी साठवण वर कड्याकडे आहे. तिथला कातळ, तिथलं रान आणि तिथून उतरणारे पऱ्ये हीच आपली टाकी. तिथे खाण झाली, प्लॉट पडले, सिमेंटच्या गटारांनी पाणी थेट खाडीत गेलं, तर खालच्या विहिरी डिसेंबरातच बसतील. पऱ्याला धार आहे तोवर, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, मातीनं भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घाला. जानेवारीत बंधारा घालून फोटो निघतो, पाणी अडत नाही. पोती भरायला किनाऱ्यावरची वाळू आणू नका.

त्या वाळूला हातच लावू नका. किनाऱ्यावरच्या वाळूच्या उंचवट्यांत गोडं पाणी साठतं आणि ते समुद्राला बाहेर थोपवून धरतं. मर्यादवेल आणि केवड्याची बनं उपटून बसायला जागा करू नका. खाडीकाठच्या खारबंदिस्तीला खांड पडली तर त्याच आठवड्यात बुजवा, नाहीतर उधाणाचं पाणी शेतातून विहिरींपर्यंत येईल. मूळचं देऊळ समुद्राकाठी होतं, समुद्र आत आला आणि देव कड्यावर गेला, असं आपल्या गणपतीबद्दल सांगतात. देव वर गेला. विहिरीला जागा बदलता येत नाही.

निसर्ग वादळानंतर दापोलीच्या किनाऱ्यावरची वीज कित्येक दिवस नव्हती. विहीर भरलेली, मोटार मुकी. ज्यांच्या विहिरीवर कप्पी, दोर आणि पोहरा शाबूत होता, त्यांच्याकडे सगळी वाडी पाण्याला गेली. तेव्हा मोटार असली तरी कप्पी काढून टाकू नका. दरवर्षी मे महिन्यात दोर बदला आणि कप्पीला तेल द्या. विहिरीवर जाळी टाका.

कधी उधाणात समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं, तर घाबरून ती विहीर पुन्हा पुन्हा उपसू नका. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर लोकांनी चांगल्या हेतूनं विहिरी वारंवार उपसल्या. त्यानं खारं पाणी उलट खालून वर आलं आणि जाणकारांना उपसा थांबवा असं सांगावं लागलं. घाण आणि पाला काढा, वरचं पाणी बेतानं काढा, पिण्याचं पाणी काही दिवस दुसरीकडून आणा. बाकीचं काम पाऊस करतो.

शेवटी गावाचं एकत्र काम. पाण्याचा विषय आपण 1 मेच्या ग्रामसभेत काढतो. तेव्हा टँकर मागण्यापलीकडे हातात काही नसतं. हा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या. पाऊस संपत आलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, ठरवायला वाव असतो. कोणत्या महिन्यापासून शिंपणं एक दिवसाआड, नळाला पाणी किती वेळ, बंधारे कुणी कुठे घालायचे, हे तेव्हाच ठरवा. सामायिक विहिरींवर पूर्वी पाळी असायची, अमक्याचा रहाट सकाळी, तमक्याचा संध्याकाळी. ती पाळी मोटारींनाही लावा.

सार्वजनिक पिण्याच्या स्रोताजवळ 500 मीटरांच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, ही अट राज्यात 1993 च्या कायद्यानं आली, आणि 2009 च्या भूजल कायद्यानं नियम आणखी पुढे नेले. बोअरची गाडी गावात येण्याआधी ग्रामपंचायतीत विचारायची पद्धत पाडा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय रत्नागिरीत आहे. गावाच्या नावानं पत्र देऊन त्यांचा सल्ला घ्या. आणि पाणीपट्टी वेळेवर भरा. योजनेचं वीजबिल थकलं की नळ सगळ्यांचाच बंद होतो, भरणाऱ्याचाही.

एक काम तर याच पौर्णिमेपासून होईल. प्रत्येक वाडीनं एक विहीर निवडावी. दोराला फुटाफुटावर गाठी मारून टोकाला दगड बांधावा. पौर्णिमेला पहाटे, मोटारी सुरू होण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी जातात ते मोजावं आणि टीडीएसचा आकडा घ्यावा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही. दहावी-बारावीच्या मुलांकडे हे काम द्या, ती नेमानं करतात. वही मात्र सरपंचाच्या घरी ठेवू नका. सरपंच बदलतात. शाळेच्या कपाटात ठेवा.